उन्हाळी सुटी आणि कोकणची बंदरे

चैत्र सरून वैशाख लागला, शाळांचे निकाल हाती आले आणि देशावरच्या घरांतून उन्हाची काहिली असह्य होऊ लागली, की मराठी कुटुंबांत दरवर्षी एकच प्रश्न उपस्थित होतो: या सुटीत समुद्राकाठी कोठे जावे? या प्रश्नाची उत्तरे हल्ली फार लवकर दिली जातात, आणि तीही पुळणींच्या याद्यांच्या रूपाने. कोणती पुळण अधिक लांब, कोणत्या पुळणीची वाळू अधिक शुभ्र, कोणत्या पुळणीलगत निवासाची सोय अधिक सुखकर, एवढ्याच मुद्द्यांवर गावांची प्रतवारी लावून टाकली जाते. वाळू तर उत्तरेस बोर्डीपासून दक्षिणेस तेरेखोलच्या खाडीपर्यंत सर्वत्र आहे, आणि एका पुळणीचे वर्णन नाव बदलून दुसरीला सहज लावता येते. ज्या गावी आपण मुलाबाळांसह आठ-पंधरा दिवस राहणार, त्या गावाला सुटीकरूंच्या आगमनापूर्वी स्वतःचे काय आयुष्य होते आणि आज काय आहे, हे ज्याने विचारले त्याची निवड सहसा चुकत नाही, असे माझे मत आहे. थोडक्यात, पुळण पाहण्याआधी बंदर पाहावे. या एका कसोटीवर कोकण किनाऱ्यावरील गावे आणि बेटे येथे क्रमाने पाहावयाची आहेत.

कोकणात उन्हाळ्यात जाणे म्हणजे दोन-तीन पिढ्यांपूर्वी घरी जाणे होते. गिरणीत, गोदीत, छापखान्यात किंवा सरकारी कचेरीत नोकरी करणारा मुंबईचा चाकरमानी मे महिन्यात रजा मंजूर करून घेई, भाऊच्या धक्क्यावर आगबोटीत चढे, आणि ती आगबोट हर्णे, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी एकेक बंदरे घेत दक्षिणेकडे जात असे. पुष्कळ ठिकाणी बोट धक्क्याला लागतच नसे. ती खोल पाण्यात उभी राही, किनाऱ्यावरून पडाव येत, आणि ट्रंका, वळकट्या, वृद्ध माणसे व तान्ही मुले खलाशांच्या हातांवरून त्यांत उतरवली जात. पुढे घाटांतून मोटारी धावू लागल्या, आगबोटी बंद पडल्या, आणि 26 जानेवारी 1998 रोजी कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग वाहतुकीस खुला झाला. लोहमार्ग झाला हे इष्टच झाले. परंतु महामार्ग आणि लोहमार्ग हे दोन्ही किनाऱ्यापासून आत, सह्याद्रीच्या पायथ्याच्या बाजूने गेल्यामुळे खेड, चिपळूण, कणकवली, कुडाळ या आतल्या गावांचे महत्त्व वाढले आणि समुद्राकडे तोंड करून बसलेली बंदरे मागे पडली. खाड्या तर त्याआधीपासूनच गाळाने भरत आल्या होत्या. आज जी गावे निवांत आणि रम्य म्हणून वाखाणली जातात, त्यांपैकी पुष्कळशी एके काळची आगबोटीची थांबण्याची ठिकाणे आहेत, आणि त्यांची शांतता ही व्यापार उठून गेल्यानंतरची शांतता आहे. हे ध्यानात घेतल्यावाचून तेथील वखारी, बुरूज, दीपगृहे आणि ओस पडलेले धक्के आपल्याशी काही बोलत नाहीत.

उत्तरेकडचा पालघर जिल्ह्यातील किनारा मुंबईकरांना सर्वांत जवळचा, आणि त्या मानाने सर्वांत कमी परिचित. डहाणू-घोलवड-बोर्डी हा चिकूच्या बागांचा मुलूख. इराणी आणि पारशी बागाईतदारांनी जोपासलेल्या या बागांमुळे ऐन मेमध्येही रस्त्यांवर सावली असते. जवळच्या बाहरोट डोंगरावरील लेण्यांत पारशांनी आपला पवित्र अग्नी संकटकाळी बारा वर्षे सुरक्षित ठेवला, अशी त्यांची परंपरा सांगते. डहाणू तालुका 1991 साली पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून अधिसूचित झाला, आणि त्यामुळेच तेथील हिरवळ आजवर बऱ्याच अंशी टिकली. केळवे शांत आहे. अर्नाळ्याच्या बेटावर वैतरणेच्या मुखाशी किल्ला आहे, कोळ्यांची वस्ती आहे आणि जाण्यासाठी होडी आहे; एका दिवसाची सहल म्हणून ते उत्तम, मुक्कामाचे ठिकाण म्हणून नव्हे.

अलिबागविषयी लिहिताना मन थोडे खिन्न होते. गाव आहे आंग्र्यांचे. कान्होजी आंग्रे 1729 साली निवर्तले आणि त्यांची समाधी याच गावात आहे. समोरचा कुलाबा किल्ला ओहोटीच्या वेळी चालत गाठता येतो, आणि त्यातील गणपतीच्या देवळासमोर गोड्या पाण्याची पुष्करणी आहे. याच गावात 1904 साली भूचुंबकीय वेधशाळा उभी राहिली. मुंबईतील ट्रामगाड्या विजेवर चालणार म्हणून तेथील कुलाब्याच्या जुन्या वेधशाळेतील सूक्ष्म नोंदी बिघडतील, हे ओळखून तिची जागा खाडीपलीकडे हलवण्यात आली. शास्त्राच्या एका नाजूक कामासाठी निःशब्द जागा हवी म्हणून ज्या गावाची निवड झाली, त्या गावच्या आसमंतात आता शनिवार-रविवारपुरत्या उघडणाऱ्या बंगल्यांच्या कुंपणभिंती उभ्या राहिल्या आहेत, आणि कित्येक वाड्यांतून समुद्राकडे जाणारी जुनी पायवाट राहिलेली नाही. तरीही मुलांना एकदा मांडव्याच्या किंवा रेवसच्या मार्गाने, पाण्यावरून, अलिबागला न्यावे. या पाण्याला उग्र रूपही आहे, हे सांगण्यासाठी त्यांना 17 जुलै 1947 ची हकीकत सांगावी, जेव्हा रेवसकडे निघालेली रामदास बोट भर पावसाळ्यात काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे प्राणास मुकली. थळच्या समोरचे खांदेरी बेट शिवाजी महाराजांनी 1679 साली तटबंदीस घेतले, तेव्हा इंग्रज आणि सिद्दी या दोघांनीही त्यास विरोध केला, आणि मायनाक भंडारी व दौलतखान यांनी तो विरोध मोडून काम पुरे करून घेतले. तेथील वेतोबा कोळ्यांचा आजही जागृत देव आहे.

अलिबागहून दक्षिणेस निघालेल्या माणसाने रेवदंड्याला घाईने मागे टाकू नये. पोर्तुगीजांच्या तटबंदीच्या आत माडा-पोफळींची आगरे लावलेली आहेत, आणि ज्या चौलला पंधराव्या शतकात अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी उतरला, ते चौल बंदर आज गाळात रुतून केवळ देवळे आणि तळी यांच्या रूपाने उरले आहे. पलीकडच्या कोर्लईत एक लहानसा ख्रिस्ती समाज पोर्तुगीजपासून घडलेली स्वतःची बोली अजून घरात बोलतो. पोर्तुगीजांचा अंमल तेथून 1740 साली उठला, हे लक्षात घेता एका खेड्याची ही निष्ठा थक्क करणारी आहे. पुढे मुरूड. राजपुरीहून शिडाच्या होड्या जंजिऱ्याला जातात, आणि तांडेल आपल्याच ऐटीत सिद्द्यांचा इतिहास सांगतो. त्या सांगण्यात अतिशयोक्ती असते. पण हा जलदुर्ग महाराजांच्या, संभाजीराजांच्या आणि पेशव्यांच्या हाती कधीच आला नाही आणि सिद्दीचे संस्थान 1948 सालापर्यंत टिकले, ही दोन सत्ये अतिशयोक्तीवाचूनही पुरेशी प्रभावी आहेत.

दिवेआगर, श्रीवर्धन आणि हरिहरेश्वर यांचा उल्लेख नेहमी एका दमात होतो, आणि सुटीकरूंच्या दृष्टीने तो योग्यच आहे. श्रीवर्धन हे बाळाजी विश्वनाथांचे गाव, आणि तेथील रोठा सुपारीला बाजारात जुना मान. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ याच पट्ट्यात किनाऱ्यावर आले. पिढ्यानुपिढ्या उभ्या असलेल्या पोफळी एका दुपारी भुईसपाट झाल्या. नवे रोप फळावर यायला पाच-सात वर्षे लागतात, आणि तोवर त्या कुटुंबाने खावे काय, या प्रश्नाचे एक उत्तर म्हणून पुष्कळांनी पडवीत किंवा मागच्या आगरात पाहुण्यांच्या खोल्या काढल्या. म्हणून या गावांत उतरायचे तर अशा घरी उतरावे. मोठ्या निवासांना दिलेल्या पैशातला फारच थोडा वाटा त्या आगरांपर्यंत पोहोचतो. हरिहरेश्वराची खडकांवरील प्रदक्षिणा ओहोटीलाच करावी. गावकरी हे बजावतात, तेव्हा ते अनेक अपघात डोळ्यांसमोर ठेवून बजावीत असतात.

बाणकोटची खाडी जंगरने ओलांडली, की आपण रत्नागिरी जिल्ह्यात येतो, आणि पुढच्या दापोली तालुक्यात माझी लेखणी थोडी रेंगाळणार आहे. इंग्रजांनी छावणीसाठी पसंत केलेले दापोली गाव समुद्रसपाटीपासून सुमारे 800 फुटांवर असल्याने रात्री तेथे वारा लागतो, आणि खाली हर्णे, आंजर्ले, मुरूड, कर्दे ही गावे अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतरावर आहेत. हर्णे हे आजही खऱ्या अर्थाने बंदर आहे. संध्याकाळी मचवे आले, की मासळी किनाऱ्यावर आणण्यासाठी बैलगाड्या पाण्यात शिरतात, वाळूवर सुरमई, पापलेट आणि कोळंबीच्या राशी पडतात, आणि लिलाव सुरू होतो. त्यात बोली लावणाऱ्या कोळणींचा हिशेब असा चोख असतो, की बाजारपेठेत वाढलेल्या माणसानेही शिकावे. समोर सुवर्णदुर्ग पाण्यात उभा आहे. तो 1755 साली पेशव्यांशी झालेल्या करारान्वये इंग्रजांच्या कमोडोर जेम्सने तुळाजी आंग्र्यांकडून घेतला, आणि मराठ्यांनीच मराठ्यांचे आरमार खच्ची करण्याचा जो दुर्दैवी प्रसंग पुढच्या वर्षी विजयदुर्गावर ओढवला, त्याचा आरंभ या बेटावर झाला. किल्ल्यात आता झाडी माजली आहे. होडी मिळाल्यास सकाळी जावे आणि उन्हे चढण्यापूर्वी परतावे.

आंजर्ल्यास कड्यावरच्या गणपतीकडे जाणारी वाट चढताना मागे वळून पाहिले, की खाडी, माडांची आगरे आणि समुद्र ही तिन्ही एकाच दृष्टिक्षेपात येतात. श्री. ना. पेंडसे यांच्या कादंबऱ्यांतील माणसे याच परिसरातली. 'गारंबीचा बापू' ज्याने वाचली आहे त्याला या पाखाड्या आणि हा व्याघ्रेश्वराचा मुलूख अपरिचित वाटणार नाहीत. दापोलीचे हे मुरूड धोंडो केशव कर्वे यांचे गाव. 1893 साली त्यांनी विधवेशी विवाह केला तेव्हा याच गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला होता, आणि आज हेच गाव त्यांचे नाव अभिमानाने सांगते. मुलांना हा इतिहास दोन्ही बाजूंनी सांगावा. थोडे उत्तरेला वेळास आहे, नाना फडणविसांचे गाव. तेथे समुद्रकासवांची घरटी गावकरी राखतात, पण पिले समुद्राकडे जाण्याचा काळ साधारणपणे एप्रिलमध्ये संपतो, हे मेमध्ये जाणाऱ्यांनी आधीच जाणून घ्यावे, म्हणजे मुलांची निराशा होणार नाही.

दाभोळ हे बहमनी आणि आदिलशाही काळातले बडे बंदर. तेथील दर्याकाठची घुमटाची मशीद त्या वैभवाची साक्ष देते. मक्केला जाणारे यात्रेकरू आणि अरबस्तानातून येणारे घोडे जेथे उतरत, तेथे आज धोपाव्याला जाणाऱ्या जंगरची रांग असते. पलीकडे गुहागर. व्याडेश्वराचे देऊळ, लांबच लांब सुरूचे बन आणि एका रेषेत वसलेल्या घरांमागून थेट समुद्र, अशी या गावाची रचना आहे, आणि कुटुंबासह राहण्यास तिच्याइतकी सोईची रचना किनाऱ्यावर दुसरी नाही. हेदवीची बामणघळ भरतीच्या वेळी पाहावी.

गणपतीपुळ्याबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. ते तीर्थक्षेत्र आहे आणि मेमध्ये तेथे तीर्थक्षेत्राचीच गर्दी असते. तेथील समुद्र पोहण्यास धोक्याचा आहे, ही सूचना मात्र पुन्हा पुन्हा सांगितली पाहिजे, कारण दरवर्षी परगावचे तरुण ती ऐकत नाहीत. जवळच्या मालगुंडला केशवसुतांचा जन्म 1866 साली झाला, आणि त्यांचे स्मारक पाहण्यात एक सकाळ सत्कारणी लागते. रत्नागिरी शहर सुटीसाठी कोणी निवडीत नाही, याचे मला आश्चर्य वाटते. लोकमान्यांचे जन्मस्थान, सावरकरांच्या स्थानबद्धतेतील कार्याची खूण असलेले 1931 सालचे पतितपावन मंदिर, आणि ब्रह्मदेशच्या थिबा राजाचा राजवाडा ही तिन्ही येथे आहेत. आपले राज्य गमावून येथे आणलेल्या त्या राजाने 1916 साली याच गावी देह ठेवला, आणि त्या वाड्याच्या सज्जातून दिसणारी भाट्याची खाडी पाहताना त्याच्या तीस वर्षांच्या बंदिवासाची कल्पना मनाला स्पर्श केल्यावाचून राहत नाही.

विजयदुर्गावर फेब्रुवारी 1756 मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह यांच्या तोफांनी तुळाजी आंग्र्यांचे आरमार जाळले. किल्ल्यात 'साहेबाचे ओटे' नावाचे चौथरे दाखवतात आणि हेलियम वायूचा शोध येथेच लागला असे सांगतात. हे खरे नाही. 1868 च्या खग्रास ग्रहणाचे निर्णायक वेध जान्सेन या फ्रेंच शास्त्रज्ञाने गुंटूरला घेतले, आणि लॉक्यर हा इंग्रज शास्त्रज्ञ त्या वर्षी इंग्लंडातच काम करीत होता. तो विजयदुर्गावर आला तो 22 जानेवारी 1898 च्या खग्रास ग्रहणासाठी. एवढी खरी गोष्ट त्या चौथऱ्यांना पुरेसे महत्त्व देते. दक्षिणेला देवगड. कातळावर माती पसरून हापूसची कलमे उभी करणाऱ्या या तालुक्यात मेमध्ये जाणे म्हणजे आंब्याच्या हंगामाच्या शेवटच्या धांदलीत सामील होणे; अढीतल्या आंब्याचा वास, साठे घातलेल्या फळ्या आणि अंगणात वाळणारी आमसुले यांनी घराघरांतली हवा भरलेली असते.

आता मालवण. 25 नोव्हेंबर 1664 रोजी शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर सिंधुदुर्गाच्या बांधकामास आरंभ केला, त्याआधी किनाऱ्यावर मोरयाच्या धोंड्याशी पूजा झाली, पायात शिसे ओतून चिरे बसवले गेले, आणि सुमारे 48 एकरांच्या त्या बेटाभोवती तट उभा राहिला. भोवती सर्वत्र खारे पाणी आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या तीन गोड्या विहिरी. राजाराम महाराजांनी बांधलेल्या शिवराजेश्वराच्या देवळात आजही पूजा चालते, आणि काही कुटुंबे पिढ्यानुपिढ्या किल्ल्यातच राहतात. 2025 साली जागतिक वारशाच्या यादीत मराठ्यांचे जे बारा किल्ले समाविष्ट झाले, त्यांत खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे चार या किनाऱ्यावरचे आहेत. त्यांतला, माणसांची वस्ती असलेला सिंधुदुर्ग पाहताना तो केवळ अवशेष नाही याची जाणीव होते.

परंतु मालवणची माझी शिफारस किल्ल्याहून अधिक त्या गावासाठी आहे. गाबीत समाजाची रापण हा त्या गावचा जुना सामुदायिक उद्योग: होडीने अर्धवर्तुळात जाळे टाकावयाचे, आणि मग दोन्ही टोकांना पंचवीस-तीस माणसांनी धरून ते किनाऱ्याकडे ओढावयाचे. आलेल्या मासळीचे वाटे होतात, आणि त्यांत होडीचा, जाळ्याचा व माणसाचा वाटा वेगवेगळा असतो. यांत्रिक नौकांनी आणि प्रखर दिव्यांच्या मासेमारीने या लहान मच्छीमारांचे पाणी कित्येक वर्षे आक्रमिले आहे, आणि त्यांची तक्रार न्याय्य आहे. सिंधुदुर्ग 1997 साली पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाल्यापासून त्यांच्यातील अनेकांनी होडी प्रवाशांसाठी लावली, तारकर्लीला बुडी मारण्याचे शिक्षण देणारी महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची संस्था आली, आणि देवबागच्या, एका बाजूस कर्लीची खाडी व दुसऱ्या बाजूस समुद्र असलेल्या अरुंद पट्टीवर निवास उभे राहिले. पट्टीचा किनारा धूप होऊन मागे सरत असताना तिच्यावर आणखी बांधकामे चढवणे हा अविचार आहे, हे येथे स्पष्ट सांगितले पाहिजे. पाण्याचेही तसेच. तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या या प्रदेशात जांभ्या दगडातून पाणी झिरपून समुद्राला मिळते, मेमध्ये विहिरींचे तळ दिसू लागतात, आणि नेमक्या त्याच महिन्यात पाहुण्यांची संख्या कळसाला पोहोचते. पाहुण्याने बादलीभर पाण्यात आंघोळ करावी. मोटार पुळणीत घालू नये. आणि मासळी बाजारात घासाघीस करताना समोरच्या बाईचा मासेमारीवरील दोन महिन्यांच्या बंदीचा हिशेब ध्यानी ठेवावा.

वेंगुर्ल्यास सतराव्या शतकात डचांची वखार होती, तिची भग्न इमारत अद्याप उभी आहे, आणि समुद्रात दूर खडकांवर दीपगृह आहे, जेथील गुहांत पाकोळ्या घरटी करतात. काजूच्या झाडांखालून गेलेले येथले रस्ते, सागरेश्वराची मोकळी पुळण आणि गर्दीचा अभाव यांमुळे लेखन-वाचनात सुटी घालवू इच्छिणाऱ्याला याहून चांगले गाव मी सुचवू शकत नाही. थोडे पुढे शिरोडे. तेथे 1930 च्या मे महिन्यात मिठाचा सत्याग्रह झाला. मिठागरे आजही आहेत, आणि ज्या शाळेत वि. स. खांडेकरांनी 1920 पासून 1938 पर्यंत शिकवले ती शाळाही. तेरेखोलची खाडी ओलांडली की गोवा लागतो, आणि त्याच्या बेटांचा, दिवाडी आणि चोडणचा, विचार वेगळा करावा लागेल.

मुले लहान असतील तर गुहागर, मुले मोठी व जिज्ञासू असतील तर हर्णे-आंजर्ले, एकट्याने जायचे असेल तर वेंगुर्ले, आणि एकदाच जाणे होणार असेल तर मालवण, अशी माझी पसंती आहे. तारखेचा विचार मात्र आधी करावा. मेच्या अखेरच्या आठवड्यात सिंधुदुर्गाच्या होड्या बंद होतात, 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत मासेमारीला बंदी असते, आणि मचवे किनाऱ्यावर ओढून झापांनी शाकारण्याचे काम त्याआधीच सुरू झालेले असते. तेव्हा किल्ला पाहावयाचा असेल त्याने 20 मेच्या आत मालवण गाठावे, आणि ज्याला ते मचवे ओढण्याचे काम पाहावयाचे असेल, त्याने चार दिवस अधिक राहून पहिला वळीव घेऊन परतावे.